मिलिकन विरुद्ध ब्रॅडली: एकत्र शाळांचा कायदा एट माइल रोडवर का अडला?

उत्तरकाठ (धागाकर्ता)

डेट्रॉईट शहराची उत्तरेकडची हद्द म्हणजे एट माइल रोड. गेली चौदा वर्षे आम्ही या रस्त्याच्या उत्तरेला, उपनगरात राहतो. एखादे मराठी कुटुंब नव्याने इकडे आले की घर घेण्याआधीचा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कोणते चांगले?’ (स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे ठरलेल्या हद्दीतील सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणारा विभाग.) आम्ही सगळे त्यांना भराभर चार-पाच नावे सांगतो आणि त्या नावांत डेट्रॉईट कधीच नसते. माझी मुलगी नववीत असताना तिने मला विचारले की, आपल्या वर्गात कृष्णवर्णीय मुले इतकी कमी आणि वीस मिनिटांवरच्या शाळेत जवळजवळ सगळीच कृष्णवर्णीय, हे कसे? वेगळ्या शाळा तर १९५४ मध्येच बंद झाल्या असे आम्हाला शिकवले आहे. मला नीट उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे वाचले, ते येथे मांडतो.

‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ मे १९५४ रोजी लागला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्यासह नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते. ‘वेगळे पण समान’ हे १८९६ पासून चालत आलेले तत्त्व सार्वजनिक शिक्षणात चालणार नाही, कारण मुलांना वेगळे ठेवणे हीच मुळात असमानता आहे, असे न्यायालयाने सांगितले. आपल्याकडे बहुतेकांना एवढे ठाऊक असते. पुढच्या वर्षी न्यायालयाने अंमलबजावणीविषयी दुसरा निकाल दिला. त्यात मुदत घातलेली नव्हती, ‘विचारपूर्वक त्वरेने’ अशा अर्थाचा एक शब्दप्रयोग तेवढा होता. दक्षिणेकडील राज्यांनी त्यातला विचार घेतला आणि त्वरा सोडून दिली. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) तर एकत्र शाळा चालवण्यापेक्षा १९५९ मध्ये आपल्या सगळ्या सार्वजनिक शाळांना कुलूप लावले आणि ते १९६४ पर्यंत काढले नाही. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली आणि तिच्या शुल्काला सरकारी मदतही मिळाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी ज्यांना दुसऱ्या गावी नातेवाईक होते ती तिकडे गेली, बाकीची घरी बसली. पहिलीत जायच्या वयाचे मूल शाळा उघडली तेव्हा अकरा वर्षांचे झाले होते. निकालाला दहा वर्षे होत आली तरी दक्षिणेतील अकरा राज्यांत गोऱ्यांबरोबर शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते.

तरीही कायदा पोकळ होता असे मी म्हणणार नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्या शाळांचा केंद्रीय निधी रोखण्याची सोय केली आणि १९६५ मध्ये शाळांसाठी केंद्राचा मोठा पैसा येऊ लागला, तेव्हा त्या तरतुदीला धार आली. १९६८ मध्ये व्हर्जिनियातीलच न्यू केंट काउंटीच्या प्रकरणात न्यायालयाने ‘ज्याला जी शाळा हवी ती त्याने निवडावी’ ही पळवाट बंद केली. त्या काउंटीत शाळा दोनच होत्या आणि निवडीच्या तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नव्हती. १९७१ मध्ये उत्तर कॅरोलायनातील शार्लट शहराच्या खटल्यात मुलांना बसने दुसऱ्या भागातील शाळांत पाठवण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब झाले. एवढे झाल्यावर काही वर्षांत दक्षिणेतील शाळा उत्तरेपेक्षा अधिक मिसळलेल्या झाल्या.

यानंतर गाडी उत्तरेला, म्हणजे आमच्या दारात आली. मिशिगनमध्ये वेगळ्या शाळांचा कायदा नव्हताच. उलट १८६९ मध्येच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉईटच्या शाळा मंडळाला कृष्णवर्णीय मुलाला वेगळ्या शाळेत धाडता येणार नाही, असे बजावले होते. शंभर वर्षांनी त्याच शहरातील शाळा वर्णानुसार विभागलेल्या होत्या. १९७० मध्ये शाळा मंडळाने माध्यमिक शाळांपुरती एकत्रीकरणाची छोटी योजना आखली, ती राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून हाणून पाडली आणि त्यावरून ‘मिलिकन विरुद्ध ब्रॅडली’ हा खटला उभा राहिला. केंद्रीय न्यायाधीश स्टीफन रॉथ यांच्यासमोर वस्त्यांचे नकाशे, कर्जाची धोरणे आणि शाळांच्या हद्दी यांचा पुरावा आला. कृष्णवर्णीय मुलांना जवळच्या, जागा शिल्लक असलेल्या गोऱ्या शाळेवरून पुढे नेऊन दूरच्या कृष्णवर्णीय शाळेत सोडले जात होते, हेही त्यात निघाले. सप्टेंबर १९७१ मध्ये रॉथ यांनी निष्कर्ष दिला की हे विभाजन आपोआप झालेले नाही. शहराच्या आणि राज्याच्या कारभाराने ते घडवलेले आहे.

मग उपाय काय करायचा? शहरातील विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले तेव्हाच ६४ टक्क्यांच्या घरात होती. फक्त शहराच्या आत मुले इकडून तिकडे हलवली असती, तर उरलेली गोरी कुटुंबेही एट माइल ओलांडून निघून गेली असती. म्हणून रॉथ यांनी भोवतालचे ५३ उपनगरी स्कूल डिस्ट्रिक्ट योजनेत घेतले. एकूण विद्यार्थी सुमारे ७,८०,००० होत होते.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै १९७४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी ही योजना रद्द केली. त्याच्या दोनच आठवडे आधी रॉथ यांचे निधन झाले होते. बहुमताचे म्हणणे असे होते की गुन्हा शहरात सिद्ध झाला आहे, उपनगरांनी काही केल्याचा पुरावा नाही, तेव्हा त्यांच्या हद्दी ओलांडून उपाय लादता येणार नाही. न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी आपल्या स्वतंत्र मतात लिहिले की डेट्रॉईटमध्ये कृष्णवर्णीय मुले एकवटली, याची कारणे अज्ञात आणि कदाचित जाणून घेता न येण्यासारखी आहेत.

हे वाक्य वाचून मी थांबलो. कारण आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर, एट माइलच्या दक्षिणेला, बर्वुड रस्त्यामागे एक काँक्रीटची भिंत आजही उभी आहे. सुमारे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बिल्डरला कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. वस्ती इतकी जवळ आहे म्हणून फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही केंद्र सरकारची संस्था घरकर्जांना हमी देईना. बिल्डरने मध्ये भिंत घातली आणि मग हमी मिळाली. कारण अज्ञात नव्हते, ते परसात उभे होते.

माझा प्रश्न आपल्या लोकांना आहे. आपण ही हद्द आखलेली नाही, पण चांगले डिस्ट्रिक्ट म्हणून आपण जे विकत घेतो, ते या हद्दीच्या आतले घरच असते. याकडे आपण कसे पाहावे?

विधिज्ञा

उत्तरकाठ, धागा फार चांगला काढलात. तुमच्या मांडणीला एक जोड देते, कारण १९७४ चा निकाल एकटा वाचला तर अर्धेच चित्र दिसते.

त्याच्या आदल्या वर्षी, १९७३ मध्ये, टेक्सासमधील सॅन अँटोनियोचा ‘रॉड्रिग्ज’ खटला निकाली निघाला. शाळांचा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे गरीब डिस्ट्रिक्टमधील लोकांनी जास्त दराने कर भरला तरी त्यांच्या शाळांना कमीच पैसा मिळतो, अशी तेथील पालकांची तक्रार होती. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेने हमी दिलेला मूलभूत हक्क नाही आणि ही व्यवस्था घटनाबाह्य नाही. दोन्ही निकालांतील बहुमताचे पाच न्यायमूर्ती तेच आहेत, बर्गर, स्ट्यूअर्ट, ब्लॅकमन, पॉवेल आणि रेनक्विस्ट. १९७३ मध्ये ठरले की हद्दीपलीकडचा पैसा इकडे आणण्यास केंद्रीय राज्यघटना भाग पाडणार नाही आणि १९७४ मध्ये ठरले की मुलेही हद्द ओलांडून जाणार नाहीत. त्यानंतर ब्राउनचे तत्त्व कागदावर जसेच्या तसे राहिले, पण मोठ्या शहरांत ते लागू करायला जागा उरली नाही.

मिशिगनने १९९४ मध्ये शाळांच्या रोजच्या खर्चाचा मोठा भाग मालमत्ता करावरून काढून राज्याकडे घेतला, हे खरे. परंतु इमारती बांधण्याचा आणि दुरुस्त करण्याचा खर्च अजूनही मुख्यतः स्थानिक करावरच चालतो. गळके छत ज्या गावाचे, त्याच गावाने दुरुस्त करायचे.

१९७४ च्या निकालातील एक भिन्नमत, म्हणजे बहुमताशी सहमत नसलेल्या न्यायमूर्तींचे मत, अवश्य वाचा. ते थरगुड मार्शल यांचे आहे. ब्राउन खटल्यात वकील म्हणून उभे राहिलेले मार्शल वीस वर्षांनी त्याच न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून बसले होते. आपली मुले एकत्र शिकू लागली नाहीत, तर आपले लोक एकत्र राहायला शिकतील याची आशा फार थोडी आहे, असे त्यांनी तेथे लिहिले. ज्या माणसाने हा खटला एकदा जिंकला होता, त्याने ते लिहावे, याचे मला आजही वाईट वाटते.

पायवाट

लेख आवडला, तरी मला एका मुद्द्यावर हरकत घ्यायची आहे. सहा वर्षांच्या मुलाला शेजारची शाळा सोडून तासभर बसमध्ये बसवायचे, ही कल्पना कोणत्याही आईवडिलांना सहज पटणारी नाही. विरोध करणारे सगळे वर्णद्वेषी होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक कृष्णवर्णीय पालकांनाही ते नको होते, कारण बसचा लांबचा प्रवास बहुतेक ठिकाणी त्यांच्याच मुलांच्या वाट्याला आला. आपण स्वतः आपल्या मुलांच्या बाबतीत हे स्वीकारले असते का, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे.

उत्तरकाठ (धागाकर्ता)

पायवाट, हरकत रास्त आहे. मी कदाचित स्वीकारले नसते आणि हीच गोष्ट मला अस्वस्थ करते. बसचा भार एकाच बाजूवर पडला, हेही खरे.

पण बस हा खरा प्रश्न होता असे मला वाटत नाही. ब्राउनमध्ये जे पाच खटले एकत्र केले होते, त्यांपैकी दक्षिण कॅरोलायनातील क्लॅरेंडन काउंटीच्या खटल्याची सुरुवात कशी झाली ते पाहा. तेथे गोऱ्या मुलांसाठी ३० बस होत्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. १९४७ मध्ये त्या पालकांची मागणी एका बसची होती. ती मिळाली असती तर कदाचित खटला तेवढ्यावर थांबला असता. वर्णभेद टिकवण्यासाठी बस चालत होत्या तोवर कोणाला प्रवास लांब वाटला नाही. आमच्या उत्तरेला पाँटिॲक येथे ऑगस्ट १९७१ मध्ये, एकत्रीकरण सुरू होण्याच्या तोंडावर, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी शाळेच्या दहा बस स्फोटकांनी उडवल्या. त्या रात्री बस रिकाम्या होत्या म्हणून जीवितहानी टळली. काळजीपोटी विरोध करणारा पालक आणि हे लोक एक नव्हेत, हे मान्य. पण निकाल आला तेव्हा फायदा दोघांचाही झाला.

लिंबोणी

मी न्यू जर्सीतील एका शाळेत गेली नऊ वर्षे शिकवते. या राज्याच्या घटनेत १९४७ पासून सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजनाला स्पष्ट शब्दांत बंदी आहे. इतके नेमके कलम फार थोड्या राज्यांत असेल. पण राज्यात स्कूल डिस्ट्रिक्ट सुमारे सहाशे आहेत आणि मुलाने आपल्याच गावच्या शाळेत जायचे असा नियम आहे. त्यामुळे दोन-तीन मैलांवरच्या दोन गावांतील शाळा वेगवेगळ्या देशांतल्या वाटाव्यात इतक्या निराळ्या असतात. २०१८ मध्ये काही कुटुंबांनी आणि संस्थांनी राज्याविरुद्ध दावा लावला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अनेक डिस्ट्रिक्टमध्ये असे विभाजन आहे हे मान्य केले, पण संपूर्ण राज्याची व्यवस्थाच घटनाबाह्य आहे, हे सिद्ध झाले नाही असे सांगितले.

हद्द रोज कशी राखली जाते, ते मी कार्यालयाच्या खिडकीपाशी पाहिले आहे. नाव घालायला आलेल्या पालकाने घराचा करारनामा, वीज किंवा पाण्याचे बिल आणि ओळखपत्र अशी कागदपत्रे दाखवायची असतात. एका वर्षी एक आजी नातवाला घेऊन आल्या. करारनामा त्यांच्या नावावर होता, मुलगा मात्र आईबरोबर शेजारच्या शहरात राहत होता. कारकून बाईंनी कागद दोनदा तपासले, मान हलवली आणि नियमाचा छापील कागद पुढे सरकवला. त्यांनी काही चूक केले नाही, नियम तोच होता. तो मुलगा भिंतीवर लावलेली विज्ञान प्रदर्शनाची चित्रे बघत उभा होता. २०११ मध्ये ओहायोतील ॲक्रनच्या एका कृष्णवर्णीय आईला, आपल्या वडिलांचा पत्ता देऊन मुलींना शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये घातले म्हणून तुरुंगवास झाला होता. पुढे राज्यपालांनी गुन्ह्याची तीव्रता कमी केली. १९५४ च्या आधी दारावर वर्णाची पाटी असे, आता पत्ता विचारतात.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते, कारण ती फारशी कोणी बोलत नाही. एकत्रीकरण झाले तेव्हा दक्षिणेत बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि गोऱ्यांच्या चालू राहिल्या. त्या बंद शाळांतील हजारो कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापक कामावरून गेले. मुले एकत्र आली, पण त्यांना नावाने ओळखणारे, त्यांच्या घरी जाणारे शिक्षक वर्गात राहिले नाहीत. कायद्याने मुलांची बेरीज केली, शिक्षकांचा विचार नंतर आणि फार कमी केला. एक शिक्षिका म्हणून मला ही त्या कायद्याची सर्वांत मोठी उणीव वाटते.

साताराकर

लिंबोणीताई, तुमचा खिडकीपाशीचा प्रसंग वाचून आमच्याकडची आठवण झाली. विषय अमेरिकेचा आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला होता, म्हणजे ब्राउनच्या पस्तीस वर्षे आधी. आज शिक्षण हक्क कायद्यात खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली. शहरांत तर जवळपास कुठेही एक किलोमीटरवर अशी शाळा असतेच, त्यामुळे २५ टक्क्यांची तरतूद तेथे नावापुरतीच उरली असती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द ठरवला. कलम तसेच ठेवून अंतराच्या मोजपट्टीने ते निकामी करता येते, एवढेच साम्य मला दाखवायचे आहे.

पायवाट

मग या सगळ्याचा उपयोग झाला की नाही? मला हा प्रश्न मनापासून पडला आहे. वीस वर्षे खटले, दंगे, बस, पोलीस बंदोबस्त, आणि अखेर शाळा पुन्हा वेगळ्याच राहणार असतील, तर तो पैसा आहे त्या शाळा सुधारण्यावर का लावला नाही?

विधिज्ञा

उपयोग झाला आणि तो मोजलेलाही आहे. अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनी न्यायालयीन आदेशानंतरच्या शाळांत शिकलेल्या मुलांचा प्रौढ वयापर्यंत माग काढला. कृष्णवर्णीय मुलांची शिक्षणाची वर्षे वाढली, मिळकत वाढली, तुरुंगात जाण्याचे प्रमाण घटले आणि गोऱ्या मुलांचे नुकसान झाले नाही. दक्षिणेत बहुसंख्य गोऱ्या शाळांत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण १९८८ च्या सुमारास ४३ टक्क्यांपर्यंत गेले होते. १९९१ पासून न्यायालये जुने आदेश उठवू लागली, तसे ते उतरत गेले.

हे कोठे टिकले तेही पाहा. शार्लटमध्ये शहर आणि उपनगरे मिळून एकच काउंटीचे डिस्ट्रिक्ट होते. केंटकीतील लुइव्हिलमध्ये १९७५ मध्ये शहराचे आणि काउंटीचे डिस्ट्रिक्ट एक झाले. तेथे घर बदलून शाळा टाळणे सोपे नव्हते, म्हणून एकत्रीकरण अनेक वर्षे चालले. लुइव्हिलने तर न्यायालयाचा आदेश उठल्यावरही ते स्वतःहून चालू ठेवले, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार, मुलाचा वर्ण पाहून शाळा ठरवण्याची त्यांची पद्धत घटनाबाह्य ठरवली. म्हणजे १९७४ मध्ये सक्ती नाकारली आणि २००७ मध्ये राजीखुशीचा हा मार्गही बंद केला.

पैशाचेच म्हणाल तर डेट्रॉईटला तो उपायही मिळाला. १९७७ मध्ये याच खटल्याच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने वाचन, शिक्षक प्रशिक्षण आणि समुपदेशनासाठी राज्याने अर्धा खर्च द्यावा, हे मान्य केले.

उत्तरकाठ (धागाकर्ता)

विधिज्ञाताई, त्या १९७७ च्या निकालाच्या पुढचे सांगतो. २०१६ मध्ये डेट्रॉईटमधील काही विद्यार्थी पुन्हा केंद्रीय न्यायालयात गेले. या वेळी त्यांनी एकत्र शाळा मागितली नाही. आम्हाला वाचता येण्याइतके शिक्षण मिळण्याचा घटनात्मक हक्क आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. एप्रिल २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी तो हक्क मान्य केला. पुढच्याच महिन्यात राज्याने तडजोड केली आणि पूर्ण पीठाने तो निकाल बाजूला ठेवला, त्यामुळे पुढच्या खटल्यांना त्याचा आधार राहिला नाही. १९७० मध्ये या शहरातील पालक शेजाऱ्याच्या वर्गात जागा मागत होते. शेहेचाळीस वर्षांनी त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले वाचायला शिकवा, असे सांगत न्यायालयात उभी होती.

पायवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे. आम्ही घर घेताना दलालाने वस्तीतील लोकांविषयी एक अक्षर काढले नाही, कारण घरविक्रीच्या कायद्याने त्याला ते करता येत नाही. त्याने फक्त प्रत्येक घराच्या पानावरचा शाळेचा दहापैकी आकडा दाखवला. आम्ही नऊ निवडला. त्या आकड्यात एट माइलची सगळी हकीकत आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. आता नवे कुटुंब विचारते तेव्हा मी डिस्ट्रिक्टचे नाव सांगतो आणि हा निकालही सांगतो. काहींना ते नको असते.

मागच्या रविवारी मुलीला घेऊन भिंत पाहायला गेलो होतो. बागेलगतच्या भागावर लोकांनी रंगीत चित्रे काढली आहेत, बसमध्ये चढणारी माणसेही त्यांत आहेत. पुढे घरांच्या मागे ती नुसतीच करडी आहे. मुलीने तिच्यावर हात ठेवला आणि विचारले, पलीकडे आता कोण राहते? आम्ही कोपऱ्याला वळसा घालून पलीकडे गेलो. तेथेही कृष्णवर्णीय कुटुंबेच राहतात, भिंत बांधून ज्यांना राखायचे होते ते केव्हाच उत्तरेला निघून गेले. एक वृद्ध गृहस्थ अंगणात पाने गोळा करत होते. त्यांनी आम्ही कोठून आलो असे विचारले. मी उपनगराचे नाव सांगितले. ‘तिथल्या शाळा चांगल्या आहेत,’ ते म्हणाले आणि पुन्हा पाने ओढू लागले.